दारी झुलणारा हत्ती



मी राहतो त्या न्यूकॅसल शहरातून टाईन नदी वाहते. तिच्या उत्तर काठावरच्या वॉकर भागात एके काळी जहाजे बांधण्याचे मोठे कारखाने होते. आता तिथून सायकलचा रस्ता जातो आणि प्रयोगशाळेतून घरी येताना मी बऱ्याचदा तोच धरतो. याच काठावरून २२ सप्टेंबर १९४५ रोजी 'हर्क्युलिस' नावाची विमानवाहू नौका पाण्यात सोडली गेली. जपानने शरणागतीवर सही करून तीन आठवडेही झाले नव्हते. युद्ध संपले, गरज संपली आणि नौका अर्धवटच राहिली. १९५७ मध्ये भारताने ती विकत घेतली, बेलफास्टला पूर्ण करून घेतली आणि ४ मार्च १९६१ रोजी ती 'आयएनएस विक्रांत' झाली. विक्रांतचे माहेर आपल्या घरापासून सायकलच्या अंतरावर आहे, हे मला इथे येऊन कित्येक वर्षे ठाऊकच नव्हते.

विक्रांत मी पाहिली ती २००२ मध्ये, देश सोडण्याच्या आदल्या वर्षी. निवृत्तीनंतर ती मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती आणि नौदल सप्ताहात लोकांना पाहू देत. बाबांना बरोबर नेले होते. १९७१ मध्ये खिडक्यांना काळे कागद चिकटवून रात्री काढलेली त्यांची पिढी. डेकवर पाय ठेवण्याआधी त्यांनी चपला काढून हातात घेतल्या. रांगेतले लोक हसले, मलाही थोडे ओशाळल्यासारखे झाले. आज ती आठवण आली की मात्र हसू येत नाही.

हे सगळे आत्ता आठवायचे कारण म्हणजे इथल्या गणपतीत जेवणानंतर रंगलेल्या गप्पा. विषय निघाला भारताच्या तिसऱ्या विमानवाहू नौकेचा. 'झालीच पाहिजे' यावर एकमत व्हायला दोन मिनिटेही लागली नाहीत. तेवढ्यात एका मित्राच्या सतरा वर्षांच्या मुलीने विचारले, "काका, पण कशासाठी?" पंगतीत तीन पीएच.डी. होते, मी धरून. कोणालाच नीट उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे त्या मुलीला उशिरा दिलेले उत्तर आहे. भारताकडे वळण्याआधी प्रश्न थोडा मोठा करून विचारू: अमेरिका वगळता बाकीच्या, मध्यम किंवा लहान नौदलांना विमानवाहू नौका परवडते का, आणि परवडली तरी उपयोगी पडते का?

माझ्यासारख्या प्रयोगशाळेतल्या माणसाला असा प्रश्न आला की आधी वाटते, प्रयोग करून पाहावा. देशांवर प्रयोग करता येत नाहीत. पण इतिहासाने तो योगायोगाने करून ठेवला आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने स्वस्त आणि लवकर बांधता येतील अशा हलक्या विमानवाहू नौकांचा एकच आराखडा काढला आणि सोळा नौकांची मागणी नोंदवली. व्यापारी जहाजे बांधणाऱ्या कारखान्यांनाही त्या बांधता याव्यात, युद्ध संपेपर्यंत टिकल्या तरी पुरे, असा हिशेब होता. युद्ध संपल्यावर त्या विक्रीला निघाल्या आणि फ्रान्स, नेदरलँड्स, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अर्जेंटिना, ब्राझील व भारत अशा सात देशांच्या नौदलांत गेल्या. आराखडा तोच, देश वेगळे, आणि निरीक्षणाला अर्धे शतक. इतका चांगला प्रयोग आम्हाला क्वचितच मिळतो.

निष्कर्ष काय निघाला ते पाहू.

कॅनडाने 'बोनाव्हेंचर' १९५७ मध्ये नौदलात घेतली. १९६६-६७ मध्ये तिची मोठी दुरुस्ती केली, खर्च अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला, आणि १९७० मध्ये ती निवृत्त करून भंगारात काढली. नेदरलँड्सने 'कारेल डोरमन' एका आगीनंतर १९६८ मध्ये अर्जेंटिनाला विकून टाकली. या दोन्ही देशांना मुख्यतः सोव्हिएत पाणबुड्या शोधायच्या होत्या आणि ते काम किनाऱ्यावरून उडणारी टेहळणी विमाने आणि फ्रिगेटवरची हेलिकॉप्टरे कमी खर्चात करू शकत होती. दोघांनीही पुन्हा विमानवाहू नौका घेतली नाही. त्यामुळे त्यांचे काही अडल्याचे दिसत नाही.

ऑस्ट्रेलियाची 'मेलबर्न' १९५५ ते १९८२ अशी सत्तावीस वर्षे सेवेत होती. या काळात तिने युद्धात एकही गोळी झाडली नाही. सरावाच्या वेळी मात्र तिची दोन मित्रनौकांशी टक्कर झाली. १९६४ मध्ये 'व्हॉयेजर'वरचे ८२ आणि १९६९ मध्ये अमेरिकेच्या 'फ्रँक ई. इव्हान्स'वरचे ७४ जण मेले. मोठ्या नौकेभोवती लहान नौकांना रात्री, दिवे मालवून, वेगात नाचावे लागते, त्याचीही एक किंमत असते. १९८३ मध्ये नव्या सरकारने 'मेलबर्न'च्या जागी दुसरी न घेण्याचा निर्णय जाहीर केला. पुढे १९९९ मध्ये पूर्व तिमोरमधल्या आंतरराष्ट्रीय फौजेचे नेतृत्व ऑस्ट्रेलियाने केले, तेव्हा तुटवडा जाणवला तो माणसे आणि सामान वाहून नेणाऱ्या जहाजांचा. त्यासाठी एक वेगवान प्रवासी कॅटामरान भाड्याने घ्यावी लागली. जेट विमानांसाठी कोणाचे अडले नव्हते.

ब्राझीलची कथा तर शासनव्यवहाराच्या पाठ्यपुस्तकात घालावी अशी आहे. 'मिनास जेराइस' हीसुद्धा टाईनकाठचीच लेक. ब्राझीलने ती १९५६ मध्ये घेतली. मग तिच्यावरची विमाने कोणाची, यावरून नौदल आणि हवाई दलात जुंपली. १९६५ मध्ये निवाडा झाला तो असा, की नौका नौदलाची, हेलिकॉप्टरे नौदलाची, पण पंखांची विमाने हवाई दलाची! नौदलाला स्वतःची लढाऊ विमाने मिळायला त्यानंतर तीन दशके लागली. कुवेतकडून जुनी स्कायहॉक विमाने आली तेव्हा नौका म्हातारी झालेली. मग २००० मध्ये फ्रान्सची जुनी 'फॉश' अवघ्या १ कोटी २० लाख डॉलरला घेतली आणि तिचे नाव 'साओ पावलो' ठेवले. स्वस्तात मिळाली म्हणून घेतलेली वस्तू कशी महाग पडते, हे आपल्याकडच्या आज्यांनी आपल्याला सांगितलेलेच आहे. २००५ मध्ये तिच्यावर वाफेच्या नळीचा स्फोट होऊन जीवितहानी झाली. त्यानंतरचा बहुतेक काळ ती बंदरातच उभी होती. २०१७ मध्ये ब्राझीलने तिचा नाद सोडला. भंगारासाठी तुर्कस्तानला निघाली तर ॲस्बेस्टॉसच्या भीतीने तुर्कस्तानने वाटेतून परत पाठवली, आणि ब्राझीलच्या बंदरांनीही दारे लावून घेतली. शेवटी ३ फेब्रुवारी २०२३ रोजी ती ब्राझीलच्या नौदलानेच भर समुद्रात, विषारी द्रव्यांसकट बुडवली.

आता खरी कसोटी, म्हणजे युद्ध. १९८२ च्या फॉकलंड युद्धात दोन्ही बाजूंना विमानवाहू नौका होत्या. अर्जेंटिनाची 'व्हेंतिसिंको दे मायो' म्हणजे वर आलेली, नेदरलँड्सकडून घेतलेली तीच जुनी नौका. २ मे रोजी पहाटे ब्रिटिश ताफ्यावर हल्ला करण्याची तिची तयारी होती. पण त्या दिवशी वारा पडला होता आणि बाँबने लादलेली विमाने उडवायला नौकेचा वेग व कॅटापल्टचा जोर पुरेना. त्याच दिवशी ब्रिटिश अणुपाणबुडी 'काँकरर'ने 'जनरल बेल्ग्रानो' ही क्रूझर बुडवली. ३२३ माणसे गेली. विमानवाहू नौका बंदरात परतली आणि युद्ध संपेपर्यंत बाहेर पडली नाही. एका पाणबुडीच्या धास्तीने देशाचे सर्वांत महाग जहाज युद्धाबाहेर गेले. गंमत अशी, की नौदलाच्या ज्या विमानांसाठी ती नौका होती, ती विमाने जमिनीवर उतरवून सुमारे सातशे किलोमीटरवरच्या रिओ ग्रांदे तळावरून उडवली गेली, आणि तिथून त्यांनी 'शेफील्ड' आणि 'आर्डंट' या ब्रिटिश नौका निकामी केल्या. पुढे दोन्ही बुडाल्या.

पण याच युद्धाची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. ब्रिटनला घरापासून बारा हजार किलोमीटरहून अधिक दूर लढायचे होते. 'हर्मिस' आणि 'इन्व्हिन्सिबल' या दोन नौका नसत्या तर ताफ्यावर छत्र धरायला एकही लढाऊ विमान नसते, आणि ब्रिटनला बेटे परत घेता आली नसती. यातली 'इन्व्हिन्सिबल' तर ऑस्ट्रेलियाला विकण्याचे ठरलेही होते, आणि 'हर्मिस' पुढे १९८७ मध्ये आपली 'विराट' झाली. एकाच युद्धात एका बाजूच्या विमानवाहू नौका अपरिहार्य ठरल्या आणि दुसऱ्या बाजूची निरुपयोगी. फरक नौकेच्या जातीत फारसा नव्हता. तो होता अंतरात, संख्येत आणि सोबतच्या ताफ्यात.

या कसोटीवर आपली विक्रांत घासून पाहू. १९६१ मध्ये गोवा मुक्तीच्या वेळी ती अरबी समुद्रात गस्तीला होती. १९६५ च्या युद्धात मात्र ती दुरुस्तीसाठी गोदीत होती. देशाची एकुलती एक विमानवाहू नौका, आणि युद्ध सुरू झाले तेव्हा नेमकी हजेरीपटावर गैरहजर. १९७१ मध्ये एका बॉयलरला तडे गेलेले असताना ती बंगालच्या उपसागरात उतरली. ४ डिसेंबरपासून तिच्यावरच्या सी हॉक आणि अलिझे विमानांनी कॉक्स बझार, चितगाव आणि आजूबाजूच्या बंदरांवर हल्ले केले. पूर्व पाकिस्तानातल्या फौजेला समुद्रातून मदत मिळण्याचा आणि समुद्रातून निसटण्याचा रस्ता बंद झाला. बाबांनी चपला काढल्या त्या या पराक्रमासाठी, आणि त्यात काही चुकीचे नव्हते.

पण तो पराक्रम शक्य कसा झाला, हेही पाहावे लागते. विक्रांतच्या शोधात आलेली 'गाझी' ही पाकिस्तानी पाणबुडी विशाखापट्टणमजवळ आधीच बुडाली होती. पूर्वेकडचे पाकिस्तानी हवाई दल काही दिवसांत जमिनीला खिळले होते. त्या समुद्रात तिला हात लावू शकेल असा शत्रू जवळजवळ उरला नव्हता. पश्चिमेला, जिथे पाकिस्तानच्या पाणबुड्या होत्या, तिथे विक्रांतला पाठवलेच नव्हते. ९ डिसेंबरला तिथे 'खुकरी' गेली ती पाणबुडीमुळेच. कराची बंदरावरचे गाजलेले हल्ले केले ते लहानशा क्षेपणास्त्र बोटींनी. एकाच युद्धातले हे दोन समुद्र शेजारी ठेवले की बरेच काही कळते.

थायलंडचा अनुभव या कुटुंबाबाहेरचा, पण विषयाला सोडून नाही. १९९७ मध्ये थायलंडने स्पेनमध्ये बांधलेली 'चक्री नारुबेत' ही साडेअकरा हजार टनांची, जगातली सर्वांत लहान विमानवाहू नौका घेतली. त्याच वर्षी थाई चलन कोसळले. जुन्या हॅरियर विमानांचे सुटे भाग मिळेनात. १९९९ पर्यंत त्यांतले एखादेच उडण्याजोगे राहिले आणि २००६ मध्ये सगळीच निवृत्त झाली. तेव्हापासून ती विमान नसलेली विमानवाहू नौका आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर मदतकार्यात ती उपयोगी पडली हे खरे, पण त्या कामाला हेलिकॉप्टर उतरू शकेल असे साधे जहाजही चालते. पांढरा हत्ती हा शब्दप्रयोग मुळात ज्या देशाच्या प्रथेवरून आला असे सांगतात, त्याच देशाने हा हत्ती पोसावा, हा योगायोगच.

या सगळ्यातून मला तीन गोष्टी दिसतात.

पहिली गोष्ट अंतराची. आपल्या जमिनीवरून उडणारी विमाने जिथे पोहोचू शकत नाहीत, अशा ठिकाणी लढण्याची खरी गरज आहे का? असेल तर विमानवाहू नौकेला पर्याय नाही. नसेल तर जमिनीवरची धावपट्टी स्वस्त असते. तिच्यावर बाँब पडला तर खड्डा बुजवता येतो, आणि ती बुडत नाही.

दुसरी गोष्ट संख्येची. एक विमानवाहू नौका म्हणजे प्रत्यक्षात 'कधीकधी एक' नौका. एक दुरुस्तीत, एक सरावात आणि एक कामावर, असा हिशेब धरला तर सदैव एक हवी असल्यास तीन लागतात. फ्रान्ससारख्या श्रीमंत देशाची एकुलती एक 'शार्ल द गोल' २०१७-१८ मध्ये दीड वर्ष दुरुस्तीत होती. इथे ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २०२४ मध्ये 'क्वीन एलिझाबेथ' नाटोच्या मोठ्या सरावाला निघायच्या आदल्या दिवशी तिच्या पंख्याच्या दांड्यात दोष सापडला. दुसरी 'प्रिन्स ऑफ वेल्स' होती म्हणून लाज राखली गेली. शिवाय नौका एकटी कधीच जात नाही. तिच्याभोवती विनाशिका, फ्रिगेट, पाणबुडी, तेलपुरवठा जहाज असा लवाजमा लागतो. लहान नौदलात हा लवाजमा म्हणजेच सगळे नौदल. मग नौका देशाचे रक्षण करते की देशाचे नौदल नौकेचे, असा प्रश्न पडतो.

तिसरी गोष्ट विमानांची. दारी हत्ती झुलतो म्हटले की आपल्याला हत्ती दिसतो, त्याचा रोजचा चारा दिसत नाही. नवी विक्रांत २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत नौदलात दाखल झाली. खर्च सुमारे २० हजार कोटी रुपये. एप्रिल २०२५ मध्ये नौदलासाठी २६ राफेल विमानांचा करार झाला, तो शस्त्रे, प्रशिक्षण आणि देखभाल धरून सुमारे ६३ हजार कोटींचा. नौकेच्या तिप्पट! आणि ही विमाने पूर्णपणे हाती यायला २०३० उजाडेल. यात कोणी फसवले असे मला म्हणायचे नाही. विमानवाहू नौकेचे अर्थशास्त्रच असे आहे. पण फोटो निघतो नौकेचा, आणि बिल येते नंतर.

एक आक्षेप मी स्वतःवरच घेतो. धाकाचे मोजमाप कसे करणार? विमानवाहू नौकेमुळे जे युद्ध झालेच नाही, त्याचे श्रेय माझ्या या हिशेबात कुठे आहे? आक्षेप रास्त आहे, आणि सात देशांचा नमुना लहान आहे हेही मान्य. पण हा युक्तिवाद पाणबुडीलाही लागू पडतो, आणि १९८२ मध्ये धाक कोणी कोणाला घातला हे आपण पाहिलेच. एप्रिल २०२२ मध्ये काळ्या समुद्रात जवळजवळ नौदल नसलेल्या युक्रेनने किनाऱ्यावरून सोडलेल्या क्षेपणास्त्रांनी रशियाची 'मॉस्क्वा' बुडवली. मोठ्या जहाजाला लपायला जागा दिवसेंदिवस कमी होते आहे.

भारत आज लहान नौदलांत मोडत नाही. दोन विमानवाहू नौका आहेत, त्या नौदलाला चालवता येतात, आणि हिंदी महासागर मोठा आहे. तेव्हा तिसरी नकोच, असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे इतकेच, की तिच्यापायी काय राहून जाते ते आधी बोलले जावे. समुद्रातले सुरुंग काढणारी नौदलाची शेवटची नौका २०१९ मध्ये निवृत्त झाली. नव्या घेण्याला तत्त्वतः मंजुरी मिळाली ती जुलै २०२५ मध्ये. मधली सहा वर्षे एवढा मोठा किनारा आणि एवढी बंदरे असलेल्या देशाकडे त्या कामाची एकही नौका नव्हती. याची चर्चा मी तरी एकाही पंगतीत ऐकली नाही. सुरुंग काढणाऱ्या नौकेच्या डेकवर कोणी चपला काढत नाही.

नव्या विक्रांतबरोबर नौदलाला नवा ध्वज मिळाला आणि त्यावर शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आहे. आम्हा सगळ्यांचा ऊर भरून आला. पण मराठ्यांचे आरमार कसे होते? उथळ पाण्यात शिरणारी गुराबे आणि गलबते, आणि पाठीशी सागरी किल्ले. युरोपीय लोकांसारखी मोठी जहाजे नाहीत म्हणून कान्होजी आंग्र्यांनी ती उसनी आणली नाहीत. आपला किनारा, आपले वारे आणि आपली तिजोरी पाहून ते लढले. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले, तरी त्यांना हात हलवत परतावे लागले. तो अष्टकोन मिरवायचा तर ही अक्कलही मिरवायला हवी.

जुनी विक्रांत २०१४-१५ मध्ये मुंबईत दारूखान्याला तोडली गेली. तिच्या पोलादाचा काही भाग मोटरसायकलींत गेला. अर्जेंटिनाची आणि ब्राझीलची, तिच्या दोघी बहिणीही, गुजरातमध्ये अलंगच्या किनाऱ्यावर मोडल्या गेल्या, आणि 'विराट'ही तिथेच. गरीब मजुरांच्या हातांनी. बाबा तेव्हा हयात होते. फोनवर म्हणाले, "जाऊ दे रे. तिने तिचे काम केले." नौकेबद्दल याहून नेमके वाक्य मला सुचत नाही. काम कोणते, हे तिच्या बाबतीत निदान एकदा तरी स्पष्ट होते.

तेव्हा त्या सतरा वर्षांच्या मुलीला माझे उत्तर असे: काम आधी सांगता येत असेल, किमान दोन-तीन नौका, त्यांची विमाने आणि लवाजमा पोसायची तयारी असेल, आणि त्यापायी काय सोडावे लागणार हे लोकांसमोर मांडले असेल, तर जरूर बांधावी. नाहीतर तो दारी झुलणारा हत्ती आहे. आपण परदेशात बसून टाळ्या वाजवतो, आणि चाऱ्याचे पैसे तिथला करदाता भरतो. टाळी वाजवण्याआधी तिचा प्रश्न विचारणे, एवढे तरी आपल्याला करता येईल.

सहमत नसाल तर जरूर लिहा. नौदलात काम केलेले कोणी वाचत असतील तर त्यांचे म्हणणे ऐकायला विशेष आवडेल.